व्हिसाचा अर्ज अजून लटकलाय आणि हनिमूनला जायचंय? बेळगाववाल्यांनी आधी काय करायचं, मग काय

आमच्याकडं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी मामा विचारतो, "मग, कुठं जायचं ठरलं?" आणि चौथ्या दिवशी गोव्याचं बुकिंग झालेलं असतंय. दोघंही इथलेच असतील तर काही बिघडत नाही. पण एकाचा पासपोर्ट परदेशी असला आणि टुरिस्ट व्हिसाचा एक्स-२ म्हणजे भारतीय माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा करून घ्यायचा अर्ज चालू असला, तर हाच क्रम महागात पडतो. मी पडलोय त्यात. आम्ही बदामीला गुहेच्या पायऱ्या चढत होतो आणि आईचा फोन आला, "अरे पोलीस आलेत की घरात, सूनबाई कुठंय म्हणून विचारालेत." आम्ही दीडशे किलोमीटर लांब. तो माणूस कागदावर काहीतरी लिहून निघून गेला आणि परत यायला त्याला पाच आठवडे लागले.

बायको फिलिपिन्सची, ओळख दुबईत, संसार टिळकवाडीत. तेव्हापासून खानापूर, निपाणी, शहापूर असे कुठून कुठून ओळखीपाळखीचे फोन येतात आणि सगळ्यांची चूक एकच, बुकिंग आधी आणि अर्ज नंतर. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. नेपाळ-भूतानच्या जोडीदाराला व्हिसाच लागत नाही, त्यांनी हे वाचून डोकं पिकवू नये. पाकिस्तानी पासपोर्टवाल्यांचं तर सगळंच वेगळं, त्यांनी यातलं काही गृहीत धरू नये.

## १. आधी पासपोर्ट उघडा, ट्रॅव्हलची साइट नंतर

व्हिसावर दोन गोष्टी बघायच्या आणि लोक एकच बघतात. एक, व्हिसा कधी संपतो. दुसरी, एका भेटीत जास्तीत जास्त किती दिवस राहता येतं. व्हिसा वर्षभराचा असला तरी एका भेटीला ९० दिवस लिहिलेले असतील तर तुमचं घड्याळ विमानतळावर शिक्का बसला त्या दिवसापासून चालू झालंय. त्या दिवसापासून मोजा आणि शेवटचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा. त्याच्या निदान एक महिना आधी अर्ज गेलेला पाहिजे. शेवटच्या आठवड्यात अर्ज टाकणारे लोक मी बघितलेत, त्यांचा हनिमून कसला, झोपच उडालेली असते.

मग व्हिसाचा प्रकार बघा. ई-व्हिसावर आला असाल तर त्याच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की तो वाढवून मिळत नाही, बदलून मिळत नाही आणि प्रोटेक्टेड, रिस्ट्रिक्टेड (परवाना लागणाऱ्या) आणि कॅन्टोन्मेंट (लष्करी) भागात चालत नाही. हे शेवटचं बेळगावात फार महत्त्वाचं, कारण आपला कॅम्प म्हणजे कॅन्टोन्मेंटच. तिथं फिरत मराठा सेंटरच्या गेटचे फोटो काढत बसायचं नाही, आपल्याला लहानपणापासून सवय आहे म्हणून काही वाटत नाही, पण परदेशी माणसाच्या हातात कॅमेरा दिसला की पाहणाऱ्याला वेगळं वाटतं. ई-व्हिसावाल्यांनी लग्नाच्या आधारावर आपलं काय होऊ शकतं ते एफआरआरओला, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी आणि व्हिसा बघणाऱ्या सरकारी ऑफिसला, लेखी विचारायचं, उत्तर आल्याशिवाय एक रुपयाचं बुकिंग करायचं नाही.

इशारा: अर्ज चालू असताना देशाबाहेर जायचं नाही. "नेपाळ म्हणजे काय बाहेर आहे होय?" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. आहे बाहेर. सिंगल एंट्रीचा व्हिसा असला तर काठमांडूला विमानातून उतरला की तो संपला, आणि परत यायला नवा व्हिसा. बाली, थायलंड, श्रीलंका सगळं पुढच्या वर्षी.

## २. कागद, आणि त्यात बेळगावचं नाव

लग्नाचं रजिस्टर सर्टिफिकेट पाहिजे. मंगल कार्यालयाची पावती, गुरुजींनी दिलेला कागद, पत्रिका, यातलं काही चालत नाही. वेगवेगळ्या धर्माचे असाल तर बहुतेक वेळा स्पेशल मॅरेज ॲक्टखाली जावं लागतं, त्यात ३० दिवसांची नोटीस असते आणि त्याआधी दोघांतल्या एकानं तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. म्हणजे बायको आली, नोटीस दिली, महिना गेला, मग सही झाली. ९० दिवसांतले ३० तिथंच खलास, हे गणित मुहूर्त काढायच्या आधी करायचं असतं. बरेच जण कार्यालय मिळालं ती तारीख धरतात आणि मग धावपळ.

आता नावांचा घोळ. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं. नवऱ्याचा पासपोर्ट जुना असेल तर त्यावर बेळगाव, हेस्कॉमच्या लाइट बिलावर बेळगावी, आधारवर तिसरंच काहीतरी. बेंगळुरात बसून ऑनलाइन कागद बघणाऱ्याला दोन्ही गावं एकच हे ठाऊक असतं, तरी विनंती अर्जात एक ओळ टाकायची की ही एकाच शहराची जुनी आणि नवी नावं आहेत. एका ओळीनं एक क्वेरी वाचते. सर्टिफिकेट कन्नडमध्ये मिळालं असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून बरोबर जोडा.

आणि दुसरा घोळ आपल्या घरातला. लग्नात तांदळात नाव लिहून सूनबाईचं नाव बदललेलं असतं. हौस म्हणून ठीक आहे, आमच्या हिचंही बदललं, आत्या अजून त्याच नावानं हाक मारते. पण अर्ज, विमानाचं तिकीट, हॉटेल, सगळीकडं पासपोर्टवर जे छापलंय तेच नाव, तसंच स्पेलिंग, मधलं नावसुद्धा. एका मित्रानं कौतुकानं नव्या नावानं तिकीट काढलं आणि सांबऱ्याच्या विमानतळाच्या गेटवरच्या जवानानं पासपोर्ट बघून दोघांनाही बाजूला उभं केलं.

लाइट बिल कुणाच्या नावावर आहे तेही आजच काढून बघा. आमचं आजोबांच्या नावावर होतं, आजोबांना जाऊन अकरा वर्षं झालेली. मग बाबांनी घराचा उतारा जोडून स्वतःच्या सहीचं पत्र दिलं की मुलगा आणि सून माझ्याच घरात राहतात. चाललं ते, पण आधी आठ दिवस गेले.

तपासणी: घराचा सी-फॉर्म भरलाय का? परदेशी माणूस कुठंही मुक्कामाला आला की २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं, आणि हे फक्त हॉटेलला नाही, सासऱ्यांच्या घरालाही लागू आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांसाठी नवा इमिग्रेशन कायदा आलाय, जुने चार कायदे गेले, पण ही जबाबदारी तशीच आहे आणि लोक अजून सी-फॉर्मच म्हणतात. घरमालक म्हणून पोर्टलवर नोंदणी करायची आणि भरायचा. हा नसेल तर पुढं जाऊ नका, आधी तो भरा.

## ३. अर्ज टाकणे

ई-एफआरआरओच्या पोर्टलवर घरी बसून होतो, कर्नाटकातलं काम बेंगळुरूच्या एफआरआरओकडं जातं. पासपोर्ट, व्हिसा आणि शिक्क्याचं पान, फोटो, लग्नाचं सर्टिफिकेट, नवऱ्याचा भारतीय असल्याचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, विनंती अर्ज, हमीपत्र. हे सगळं साफ स्कॅन करा, टेबलावर ठेवून मोबाइलनं काढलेले तिरके फोटो नकोत.

फॉर्ममध्ये ईमेल तोच द्या जो तुम्ही रोज उघडता. सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका, हे मी हसत सांगत नाही, निपाणीच्या एका घरात खरंच असं झालं आणि क्वेरी आलेली तीन आठवडे कुणाला कळलीच नाही. उत्तर वेळेत गेलं नाही तर अर्ज बंद करून टाकतात आणि मग परत पहिल्यापासून. स्पॅमचा फोल्डरही बघत राहा.

अर्ज गेल्यावर जो नंबर मिळतो त्या पानाच्या तीन प्रिंट काढा. एक घरात, एक बॅगेत, एक नवऱ्याच्या पाकिटात. कधीकधी प्रत्यक्ष बोलावतात, तेव्हा राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं निघून सकाळी बेंगळुरू. म्हणून या काळात कॅन्सल करता येणार नाही असं कुठलंच बुकिंग नको, चारशे रुपये स्वस्त मिळतंय म्हणून तर अजिबात नको.

## ४. पोलीस येऊन जाऊ देत

सगळं अडतं ते इथंच. लग्नावरून व्हिसा बदलताना स्थानिक रिपोर्ट मागवतात, त्यात लग्न खरं आहे का, माणसं कशी आहेत आणि दोघं खरोखर एकत्र राहतात का हे बघतात. एकत्र राहतात का, हे बघायला आलेल्या माणसाला दोघंही घरात दिसली नाहीत तर तो काय लिहिणार? त्याची चूक नाही. आमचीही चूक नव्हती, असं मी बरेच दिवस म्हणत होतो, पण होती.

कधी येणार हे सांगून येत नाहीत. म्हणून अर्ज टाकल्यावर दोन-चार दिवसांनी आपणच ठाण्यात जाऊन विचारायचं. शहरात असाल तर कमिशनरेटकडून तुमच्या हद्दीच्या ठाण्यात कागद येतो, खानापूर-चिकोडीकडं जिल्हा पोलिसांकडून. अर्जाचा नंबर दाखवायचा, मोबाइल नंबर द्यायचा, आणि "आम्ही घरातच आहोत, कधीही या, फक्त एक फोन करा" एवढंच सांगायचं. कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये बोला, येत नसेल तर येणाऱ्या शेजाऱ्याला न्या. इथं भाषेचा स्वाभिमान दाखवायची जागा ती नव्हे, तुमचं काम त्याच्या टेबलावर आहे.

आणि कॅलेंडर बघा. डिसेंबरात सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन भरतं, तेव्हा जिल्ह्यातला निम्मा पोलीस बंदोबस्ताला असतो. गणपतीत तसंच, १ नोव्हेंबरच्या राज्योत्सवाच्या आसपास तर विचारूच नका. या दिवसांत चौकशीचा कागद हलत नाही हे धरून चाला. नोव्हेंबरच्या शेवटी अर्ज टाकून ख्रिसमसला गोवा ठरवणाऱ्याला काय सांगायचं?

दुसऱ्या खेपेला आमच्याकडं आलेले हवालदार वयस्कर होते. चपला बाहेर काढून आत आले, कपाटावरचा लग्नाचा फोटो बघितला, दोघांचे पासपोर्ट बघितले, शेजारच्या काकूंना दोन प्रश्न विचारले. मग हिच्याकडं वळून सहज म्हणाले, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का. ही लगेच, "आतरी," झालं म्हणून. आईनं शिकवलेलं होतं, रोज दुपारी समोरच्या बाईंना म्हणायची ना. ते हसले, वहीत लिहायला लागले. रिपोर्टवर त्याचा किती परिणाम झाला माहीत नाही, पण दहा मिनिटांत काम झालं.

तपासणी, ही झाल्याशिवाय बुकिंग नाही: चौकशी झाली का? दोघांचे जबाब, सह्या झाल्या का? रिपोर्ट वर गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारलं का? तिन्हीला हो असेल तर आता मामाला उत्तर द्या.

## ५. जागा ठरवणे

कुठं नाही ते आधी. सिक्कीम, अरुणाचलला परदेशी माणसाला परवाना लागतो. नागालँड, मणिपूर, मिझोरामची सूट डिसेंबर २०२४ मध्ये काढून घेतली. लडाखला पँगाँग, नुब्रा बघायचं तर परवाना. लक्षद्वीपला तर आपल्यालाही परवाना. अंदमानातली काही बेटं मोकळी केलीत, पण व्हिसा मध्येच असताना परत एका खात्याला कशाला आपला पासपोर्ट दाखवत बसायचं? माझं मत साफ आहे, अर्ज चालू असताना परवाना लागणारी एकही जागा नको.

मग उरतं काय, तर भरपूर. माझा नियम असा की जिथून रात्री फोन आला तर सकाळी घरात पोचता येईल तेवढंच लांब, आणि तीन रात्री, फार तर चार. बदामी-पट्टदकल-ऐहोळे यरगट्टी-लोकापूरवरून निम्म्या दिवसात. हंपीला गाडीनं थेट, नाहीतर हुबळीला रेल्वे बदलून होसपेट. गोवा चोर्ल्यावरून. आंबोली, तारकर्ली, गोकर्ण, दांडेली, जोयडा. पावसाळ्यात घाट जपून आणि दूधसागरची जीप तेव्हा बंदच असते.

महाराष्ट्रात जायचं असेल तर स्वतःची गाडी नाहीतर रेल्वे. सीमेचा वाद पेटला की लालपरी आणि इकडची बस दोन्ही कोगनोळीपाशी थांबतात, आणि मग नव्या नवरीला बॅगा घेऊन हायवेवर उभं करायची पाळी.

खर्च धरताना एक विसरतात. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाला परदेशी माणसाचा दर वेगळा. हंपी आणि पट्टदकलला आपल्याला ४०, तिला ६००. बदामीच्या गुहांना आपल्याला २५, तिला ३००. लग्न झालंय, मंगळसूत्र बघा, असं खिडकीवर भांडून उपयोग नाही, दर पासपोर्टवर आहे. हंपीत ते तिकीट जपून ठेवा, त्याच दिवशी विठ्ठल मंदिर आणि राणीवसा दोन्हीकडं चालतं.

कारवारकडं गेलात तर नौदलाचा तळ आणि कैगा प्रकल्प आहे तिकडं, फोटो समुद्राचे काढा, पाटी लावलेल्या कुंपणाचे नको.

## ६. हॉटेलला एकच प्रश्न

ऑनलाइन बुकिंग करायच्या आधी हॉटेलला फोन लावा आणि असं विचारा, "माझी बायको परदेशी पासपोर्टवाली आहे, तुम्ही सी-फॉर्म भरता का?" समोरचा "हो सर, पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो पाठवा" म्हणाला तर घ्या. "सी-फॉर्म म्हणजे?" म्हणाला तर ठेवून द्या फोन, कितीही सुंदर नदीकाठ असू दे. दांडेली-जोयड्याकडं नवीन होमस्टे पुष्कळ झालेत, जेवण झकास, माणसं प्रेमळ, पण काहींना हे माहीतच नसतं, आणि काही जण माहीत असून "फॉरेनर नको" म्हणतात, रात्री नऊला दारात उभं असताना.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सर तुमचं एकट्याचं आधार द्या, पुरे." आपल्यालाही सोपं वाटतं. बायकोचं नाव रजिस्टरला नुसतं मिसेस म्हणून जातं, पासपोर्ट बॅगेतच राहतो. म्हणजे सरकारच्या लेखी तुमची बायको त्या रात्री कुठंच नव्हती. ज्या काळात तुमचा अख्खा अर्ज "ही बाई कुठं आणि कुणाबरोबर राहते" यावर चाललाय त्याच काळात तुम्ही स्वतः हे भोक पाडून ठेवता. पोरगा नको म्हणाला तरी पासपोर्ट पुढं करायचा, सी-फॉर्म भरून घ्यायचा, त्याची प्रत नाहीतर स्क्रीनचा फोटो मागायचा. दर मुक्कामाला. मित्राच्या मोकळ्या फ्लॅटवर राहणार असाल तर तो मित्र घरमालक म्हणून भरणार आहे का हे आधी विचारा, बहुतेक तोंड वाकडं करतात, मग हॉटेलच बरं.

## ७. बॅग

मूळ पासपोर्ट बरोबर पाहिजेच. विमानाला, रेल्वेला, हॉटेलला तोच ओळखपत्र. त्याबरोबर एका प्लास्टिक फोल्डरमध्ये अर्जाची प्रिंट, लग्नाच्या सर्टिफिकेटच्या दोन प्रती, घराच्या सी-फॉर्मची प्रत. सगळ्याचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये आणि एक सेट आईबाबांकडं.

काय नको त्यात तीन गोष्टी. ट्रेकिंगवाले वापरतात ते सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन, परवानगीशिवाय आपल्याकडं चालत नाही आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी परदेशी लोक पकडले गेलेत. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, २०१९ पासून कायद्यानं बंद. आणि तिसरी आपली नेहमीची, गोव्याहून येताना डिकीत बाटल्या. मित्रांनी यादी दिलेली असते. चोर्ल्याहून पुढं कणकुंबीकडं तपासणी लागली तर एक्साइजची केस गाडीतल्या सगळ्यांना त्रास देते, आणि चौकशीचा रिपोर्ट वर गेलेला असताना हा नवा कागद कशाला? यादी फाडून टाका.

बायकोला गाडी चालवायची हौस असेल तर तिच्या देशाचं लायसन्स एकटं पुरत नाही, बरोबर इंटरनॅशनल परमिट लागतं. नसेल तर तिनं बाजूला बसून गाणी लावायची.

## ८. तिथं असताना आणि परत आल्यावर

रोज एकदा ईमेल बघा, सकाळी चहा पिताना, दिवसभर नाही. क्वेरी आली तर कागद मोबाइलमध्ये आहेतच, हॉटेलच्या वायफायवरून उत्तर जातं. पोलिसांचा फोन आला तर खोटं बोलू नका, कुठं आहात, कोणत्या हॉटेलात, कधी परत, सरळ सांगा. सी-फॉर्म भरलेला असला की तुमचं बोलणं आणि त्यांच्या कॉम्प्युटरवरचं एकच निघतं.

पासपोर्ट हरवलाच तर फिरणं तिथंच संपवा. जिथं हरवला त्याच हद्दीतल्या ठाण्यात तक्रार, तिच्या देशाच्या वकिलातीला फोन, आणि एफआरआरओला त्याच अर्जाच्या नंबरावर कळवणं, याच क्रमानं. बेळगावला येऊन तक्रार देऊ म्हणून कुणी आलं तर हद्दीवरून परत पाठवू शकतात.

परत आल्यावर घराचा सी-फॉर्म पुन्हा, २४ तासांच्या आत. हे नव्वद टक्के लोक विसरतात, कारण घर आपलंच वाटतं. आम्ही हंपीहून रात्री साडेदहाला पोचलो, आईनं कुंद्याचा डबा काढला, आणि बाबा म्हणाले, "थांबा जरा, आधी पासपोर्ट द्या इकडं," आणि चष्मा लावून लॅपटॉपसमोर बसले.